चार कुलपे आणि मी

मित्रांनो, दुकान उघडले की मी दिसेनासा होतो. बाकीच्या वस्तू दुकान उघडल्यावर कामाला लागतात. मी मात्र वर गुंडाळला जातो आणि पेटीत अंग चोरून बसतो. माझे तोंड लोकांना दिसते ते दुकान बंद असताना, आणि बंद दारासमोर उभा राहिलेला माणूस सहसा खुशीत नसतो. त्यामुळे माझ्या वाट्याला गोड बोलणे फार कमी आले. मी एका लहानशा दुकानाचे शटर आहे. माझे वय झाले आहे, एका बाजूला मी पिचलेला आहे, आणि ज्या दिवसांत चार बायकांनी माझ्यावर चार कुलपे चढवली, त्या दिवसांची हकीकत मला तुम्हाला सांगायची आहे. पण आधी थोडे मागून सांगतो.

माझा जन्म पत्र्याच्या एका कारखान्यात झाला. कानठळ्या बसतील असा आवाज तिथे दिवसभर चाले. पत्र्याच्या लांब पट्ट्यांचे काठ मुडपून, एकीत एक सरकवून त्यांनी मला उभे केले. वर स्प्रिंग बसवली. एका कारागिराने मला दोन-चारदा वरखाली करून पाहिले आणि म्हणाला, "हे बापाच्या हातचे धक्के खाईल, पोराच्या हातचे खाईल, पण मोडायचं नाही." माझ्या आयुष्यातली ती पहिली शाबासकी. अशा पुष्कळ मिळतील असे मला तेव्हा वाटले होते.

पहिली काही वर्षे मी चपलांच्या एका मोठ्या दुकानावर काढली. मालक हौशी होता. मला निळा रंग लावून घ्यायचा आणि गिऱ्हाइकांना सांगायचा, "असं शटर या रस्त्यावर दुसरं दाखवा." पुढे रस्ता रुंद झाला. दुकानाचा पुढचा भाग पाडला गेला आणि त्याबरोबर मीही गेलो. भंगारवाल्याच्या आवारात एका फुटक्या टाकीला टेकून मी उन्हात उभा राहिलो. माझा निळा रंग पोपडे धरू लागला. तिथे मला पाहायला जी बाई आली, तीच माझी मालकीण.

ती बटणे विकायची. बटणे, दोरे, सुया, चेन, इलॅस्टिक, म्हणजे शिवणकामाला लागणारे सगळे बारीकसारीक सामान. सगळी गल्ली तिला बटणबाई म्हणत असे. मीही तिला बाईच म्हणेन. बाई दाराचे माप घेऊन आली होती. माप म्हणजे काय, तर पांढऱ्या इलॅस्टिकचा एक तुकडा. घरात जे हाताशी होते तेच तिने आणले होते.

भंगारवाल्याने तो तुकडा हातात घेतला आणि डोके खाजवले.

"बाई, हे माप ताणून घेतलंय की सैल?"

"दाराचं माप कुणी ताणून घेतं का? सरळ धरा आणि बघा."

"सरळ म्हणजे किती सरळ?"

"तुम्हाला शटर विकायचंय की माझी परीक्षा घ्यायचीय?"

भंगारवाल्याने हात जोडले. बाईने इतकी घासाघीस केली की शेवटी तो म्हणाला, "घेऊन जा बाई, आणि परत येऊ नका." हातगाडीवर घालून मला घरी नेले आणि दाराला लावून पाहिले, तर मी वीतभर रुंद निघालो. दारात सैल घेतलेले माप भंगारवाल्याकडे ताणून धरले गेले होते. मग वेल्डर आला. त्याने माझी एक बाजू कापली. तिथे मी पिचलो तो कायमचा. वरच्या मजल्याच्या गॅलरीतून एक बाई हे सारे पाहत होती. ती मोठ्याने म्हणाली, "आता शटरलाच इलॅस्टिक लावा म्हणावं, म्हणजे हवं तेवढं ओढता येईल."

ही बाईची थोरली जाऊ. त्या दोघींमधून विस्तव जात नव्हता.

ते घर दोन भावांचे होते. खाली धाकटा, वर थोरला. दोघे भाऊ एकाच ट्रकवर होते. एक चालवायचा तेव्हा दुसरा झोपायचा, आणि महिन्यातले बरेच दिवस दोघेही बाहेर असायचे. भावाभावांचे छान जमायचे, कारण घरी काय चालते हे त्यांना ट्रकमधून दिसत नव्हते. भांडण होते ते रस्त्याकडच्या पुढच्या खोलीवरून. सासऱ्यांनी जाण्याआधी ती धाकट्या सुनेला दिली होती, कारण ती तेव्हा खिडकीत ट्रे मांडून बटणे विकत होती. थोरली म्हणे, "मी मोठी. पुढची खोली माझी." धाकटी म्हणे, "सासऱ्यांनी दिलीय, त्यांनाच विचारा." सासरे तर आता उत्तर द्यायला नव्हते.

आता कर्जाचे सांगतो, कारण त्याच्याशिवाय मी त्या दारावर आलोच नसतो. बायकांना छोटी कर्जे देणारी एक संस्था होती. तारण म्हणून ती दागिना मागत नसे की घराचा कागद मागत नसे. पाच बायकांचा गट करायचा आणि एकीला बाकीच्या चौघींनी जामीन राहायचे, एवढेच. दर आठवड्याला हप्ता. एकीचा राहिला तर पाचही जणींचा राहिला असे धरायचे. बाईच्या गटात एक शिंपीण होती, एक इस्त्रीवाली होती, एक भाजीवाली होती. पाचवी काही केल्या मिळेना. गट अडून बसला. तेव्हा भाजीवाली म्हणाली, "अगं, तुझ्या वरच्या मजल्यावर एक बसलीय की." बाईच्या ते जिवावर आले होते. पण पाच झाल्याशिवाय कोणालाच दमडी मिळणार नव्हती. अशा रीतीने जिचे तोंड बघायचे नाही तिलाच बाई जामीन राहिली, आणि जाऊ बाईला.

पहिल्या कर्जातून बाईने माल भरला. दुसऱ्यातून मी आलो, आणि घरात उघडणारे आतले दार बुजवून भिंतींना फळ्या लागल्या. तिसऱ्यातून काज-बटणाचे मशीन आले. शर्टाची काजे करायची आणि बटणे टाकायची, एवढेच काम ते करी, पण काय झपाट्याने करी! आसपासचे शिंपी शर्टांचे गठ्ठे घेऊन येऊ लागले. मशीनचा आवाज मला वर पेटीत ऐकू येई आणि स्प्रिंगमध्ये गुदगुल्या होत.

माझे ते चांगले दिवस होते. बाई सकाळी मला एका दमात वर ढकलायची. आधी खिडकीतली बटणवाली होती ती आता दुकानदारीण झाली होती, आणि तसे तिच्या बोलण्यातही आले होते. तिने फळीवर पाटी लावली, 'उधार बंद'. शिंपीण गटातली, रोजची येणारी. तिने पाटी पाहिली आणि विचारले, "हे मला पण का?"

"पाटीवर कुणाचं नाव आहे का?"

"नाही ना? मग सगळ्यांना. म्हणजे मलापण. कळलं." शिंपिणीने दोऱ्याची दोन रिळे घेतली, पैसे काउंटरवर आपटले आणि जाताना पाटीचा एक कोपरा फाडून गेली. तेव्हापासून ती बाईला पाण्यात पाहू लागली. इस्त्रीवालीलाही बाईचे वागणे खुपू लागले, कारण बाई आता गटाच्या बैठकीत सर्वांत आधी हप्ता ठेवायची आणि मग बाकीच्यांकडे बघत बसायची. नुसते बघायची, पण ते बघणे बोलण्यापेक्षा वाईट होते.

थोरल्या जावेने तिच्या कर्जातून वर ब्यूटी पार्लर काढले. फिरती खुर्ची आणली, मोठा आरसा आणला. पण तिचा जिना होता घराच्या बाजूला, बोळात. रस्त्यावरून तो दिसतच नव्हता. एकदा ती खाली आली आणि दुकानाच्या दर्शनी बाजूला पार्लरची पाटी लावू का म्हणून विचारून गेली. बाई म्हणाली, "जाऊबाई, लोक बटणं घ्यायला यायचे आणि भुवया कोरायच्या की काय म्हणून गोंधळायचे. राहू द्या." जाऊ वर गेली. त्या दिवशी मला बाईचे वागणे आवडले नाही. पण शटरला कोण विचारतो?

पार्लर चालेना. जावेचा हप्ता थकला. ती गुपचूप खाली आली. बाईने घरची गोष्ट चव्हाट्यावर नको म्हणून तिचा हप्ता भरला. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच झाले. बाईने पुन्हा भरला आणि दोन्ही वेळा याचा कुणाला पत्ता लागू दिला नाही. तिसऱ्या खेपेला मात्र जाऊ खाली आलीच नाही. सरळ बैठकीत येऊन बसली आणि म्हणाली, "माझ्याकडे नाहीत."

बैठक आमच्याच दुकानात भरत असे. मी वर गुंडाळलेला, खाली त्या पाचजणी फळ्यांमध्ये चटईवर बसलेल्या आणि दारात मोटरसायकल लावून हप्तेवाला. हप्तेवाला तरुण होता, सगळ्यांना ताई म्हणायचा, पण त्या ताईत माया नव्हती.

"ताई, पाच हप्ते आल्याशिवाय मला हलता येत नाही. तुमचं तुम्ही बघा." असे म्हणून तो मोबाइलमध्ये बघत बसला.

भाजीवाली लगेच बाईकडे वळली. "तुझ्याकडे आहेत. भरून टाक. घरचीच आहे तुझी."

"मी नाही भरणार."

"अगं, सकाळपासून मशीन खडखडतंय ते काय फुकट?"

"मशीन माझं आहे. हप्ता त्यांचा आहे," बाई म्हणाली. मग जावेकडे वळून म्हणाली, "जाऊबाई, मागच्या दोन वेळा कुणी भरलं ते सांगा या सगळ्यांना."

भांडणातही बाईचे 'तुम्ही' कधी सुटले नाही. जावेने तिच्याकडे सरळ पाहिले.

"कुणी म्हणजे? मीच."

बाईचा चेहरा मला वरून दिसत नव्हता, पण तिच्या हातातले कात्रीचे पाते उघडमीट होताना दिसत होते. ती म्हणाली, "मीच भरलेत. दोन्ही वेळा."

"ऐका!" जाऊ हसली. "आता हिने माझं घर पण चालवलं म्हणेल."

शिंपिणीने तोंडसुख घेतले. "उधार बंद म्हणणारी कुणाचा हप्ता भरेल होय? पाटी वाचता येते आम्हाला."

तिघींनाही जावेचेच खरे वाटले. बाईवर त्यांचा आधीच राग होता, आणि रागाला जे सोयीचे असते तेच माणसाला खरे वाटते. बाई उठली. तिला दोऱ्यांचा माल आणायला घाऊक बाजारात जायचे होते. तिने सगळ्यांना बाहेर काढले, मला खाली ओढले, आपले कुलूप लावले आणि मागे वळून न पाहता निघून गेली. हप्तेवाला मात्र मोटरसायकलवर बसूनच राहिला. शेवटी शिंपीण, इस्त्रीवाली आणि भाजीवाली यांनी आपापल्यातले काढून जावेचा हप्ता भरला तेव्हा तो गेला. तिघींच्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या.

"आपल्याला खड्ड्यात घालून ही बाजारात गेली!" शिंपीण म्हणाली. "आपले पैसे देत नाही तोवर हिला दुकान उघडू द्यायचंच नाही."

भाजीवालीने हातगाडीची साखळी आणली. माझी मूठ आणि खालची जमिनीतली कडी यांतून तिने साखळी ओवली. जाऊही त्यांना येऊन मिळाली. चौघींनाही आपापले कुलूप लावायचे होते, कारण एकीचा दुसरीवर विश्वास नव्हता. उद्या एखादी पाघळली आणि तिने उघडून दिले तर? म्हणून चौघींची चार कुलपे आणि चार किल्ल्या. पण साखळी आखूड पडली. तिची दोन टोके काही एकमेकांना भेटेनात. मग शिंपिणीने आपले कुलूप साखळीच्या एका टोकात घातले, त्यात इस्त्रीवालीचे अडकवले, त्यात भाजीवालीचे, त्यात जावेचे, आणि ते साखळीच्या दुसऱ्या टोकात. माळ झाली. खटाखट चार आवाज झाले.

"आता चौघी आल्याशिवाय ब्रह्मदेव आला तरी उघडायचं नाही," भाजीवाली म्हणाली.

मित्रांनो, मी पत्र्याचा असलो तरी मला कड्याकुलपांची जन्मापासून ओळख आहे. मला तिथल्या तिथे कळले. अशी माळ केली की त्यातले कोणतेही एक कुलूप उघडले तरी माळ तुटते. म्हणजे चौघींपैकी कोणतीही एक मला मोकळे करू शकत होती. चौघींनाही वाटत होते की चौघी लागतील. मला ओरडून सांगावेसे वाटले, पण मला आवाज येतो तो कोणी ओढले तरच.

बाई माल घेऊन परतली. तिने चार कुलपे पाहिली. रागात तिने ती मोजली, पण नीट पाहिली नाहीत. आत मशीन होते आणि मशीनचा हप्ता तिच्या डोक्यावर होता. मशीन चालले तरच तो निघणार होता. अजून एक-दोन आठवडे असेच गेले असते तर तिचाही हप्ता थकला असता आणि संस्थेने मशीन उचलले असते. मग पुन्हा खिडकी आणि ट्रे. हे चौघींच्या ध्यानात आले नव्हते असे नाही. शिंपिणीच्या तर ते चांगलेच ध्यानात होते.

दुसऱ्या दिवशी बाईने माझ्यासमोर पायरीवर एक खोके उलटे ठेवले, त्यावर नवे दोरे आणि घरात पडून असलेला बटणांचा जुना ट्रे मांडला आणि माझ्याकडे पाठ करून बसली. तिची पाठ माझ्या पट्ट्यांना लागली. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदाच मला टेकून बसली होती. येणारे-जाणारे बघत होते. कोणी म्हणे, "हे काय, आतून बाहेर आलात?" बाई म्हणे, "हवेला बसलेय." वरून जाऊ ओले कपडे न पिळताच दोरीवर टाकी. पाण्याचे थेंब बाईच्या ट्रेवर पडत.

"जाऊबाई, पाणी पडतंय."

"रस्त्यावर बसलं की पडणारच. घरात बसावं माणसानं."

"दुकानाला कुलूप आहे."

"अगंबाई, हो का? कुणी लावलं?"

भाजीवाली गाडी घेऊन समोरून दोनदा गेली आणि दोन्ही वेळा आमच्यापुढे आल्यावर गप्प झाली. इस्त्रीवाली तेवढी एकदा थांबली. बाईकडे नाही, माझ्याकडे बघून म्हणाली, "आधी पैसे दे, मग बघू." बाईने एका गिऱ्हाइकाला हिरव्या दोऱ्याचे रीळ दिले आणि ते बरोबर आहे का म्हणून उजेडात धरून दाखवले.

आणि मग शिंपिणीच्या तोंडचे पाणी पळाले.

झाले असे की एका हॉटेलच्या कामगारांचे शर्ट तिने शिवले होते. काजे आणि बटणे करून घ्यायला तिने ते आधीच्या आठवड्यात बाईकडे टाकले होते. सगळा गठ्ठा आमच्या आत, मशीनशेजारी पडून होता. रागाच्या भरात आपलेच शर्ट आपण आत कोंडतोय हे तिच्या लक्षातच आले नव्हते. हॉटेलवाला तिच्या दारात येऊन बसला. "शर्ट तयार आहेत म्हणालात ना? कुठे आहेत?" ती म्हणाली, "आहेत. बंद दुकानात आहेत." तो म्हणाला, "मग उघडा." ती म्हणाली, "उघडत नाही." तो म्हणाला, "कुणी लावलं कुलूप?"

शिंपीण बाकीच्या तिघींकडे धावली. इस्त्रीवाली तयार झाली. पण भाजीवाली गाडी घेऊन दुसऱ्या पेठेत गेली होती आणि किल्ली तिच्याजवळ होती. जाऊ तर गॅलरीतून खालीच येईना.

"तुझे शर्ट म्हणून उघडायचं? आणि आपले पैसे?"

"अहो, माझं गिऱ्हाईक जाईल!"

"माझं कधी आलं होतं? मला कुणी विचारलं?" असे म्हणून जावेने दार लावून घेतले.

शिंपीण तरातरा माझ्यासमोर आली. बाई पायरीवर बसलेलीच होती. दोघींनी एकमेकींकडे पाहिले आणि दोघींनीही मान फिरवली. शिंपीण मग वरच्या गॅलरीकडे बघून ओरडली, "बसा तुम्ही सगळ्या आपापली कुलपं राखत! माझं कुलूप तरी मी घेऊन जाते. चांगलं पितळी आहे, तुमच्यासाठी कशाला काळं पडू देऊ?"

तिने वाकून आपले कुलूप उघडले. ते काढताच साखळीचे टोक सुटले, सगळी माळ खळकन खाली आली आणि तिच्या पायावर पडली. शिंपीण हातात कुलूप धरून नुसती बघत राहिली.

"हे काय झालं?"

बाईनेही वळून पाहिले. मग तिला हसू आले. खूप दिवसांनी आले असेल, कारण ते हसू थांबेना. "म्हणजे तुझ्या एकटीच्या किल्लीनं उघडत होतं होय? तीन दिवस मी इथे पायरीवर बसलेय!"

शिंपीण ओशाळली, पण क्षणभरच. "ते जाऊ दे. उघड आता. माझे शर्ट काढ."

आणि तेव्हा बाईचे हसणे थांबले. माझ्यावर अजून एक कुलूप होते. बाईचे स्वतःचे. तिने कमरेची किल्ली मुठीत धरली आणि पुन्हा खोक्यावर बसली.

"मी नाही उघडत."

"काय?"

"तुम्ही लावलंत तेव्हा तुमची मर्जी. आता माझं कुलूप आहे, माझी मर्जी. मी खोटी आहे ना? मग खोट्या बाईकडून काजं कशाला करून घेतेस?"

आवाज ऐकून इस्त्रीवाली आली. बोळातून जाऊही आली. खाली पडलेली माळ पाहून तिचा संताप झाला. "उघडलंस? एकटीनं? फितूर!" तिने शिंपिणीला सुनावले आणि मग बाईकडे वळली. "आणि तू! कसली मर्जी? ही खोली कुणाची? माझ्या वाट्याची खोली दाबून बसलीस आणि वर मर्जी! दोन हप्ते भरलेस म्हणून काय उपकार केलेस माझ्यावर? या खोलीचं भाडं समज ते! ते सुद्धा कमीच भरलंस!"

बोलून गेली आणि मग तिच्या लक्षात आले. इस्त्रीवालीने हळूच विचारले, "म्हणजे तिनेच भरले होते?"

जाऊ पायाने माळ बाजूला सारू लागली.

"बैठकीत तर तुम्ही शपथेवर सांगितल्यासारखं सांगितलंत," शिंपीण म्हणाली. "आम्ही तुमच्यापायी खिशातलं घातलं. हिच्या दाराला साखळी घातली. माझे शर्ट आत अडकले!"

"मग काय सांगू?" जाऊ एकदम ओरडली, पण आता तो ओरडा निराळा होता. "तिच्यासमोर, तुम्हा सगळ्यांसमोर सांगू, की मी खाली जाऊन हात पसरला? मी मोठी आहे. ती मला 'तुम्ही' म्हणते. माझ्या खुर्चीवर आठवडा-आठवडा धूळ बसते. माझा जिना कुणाला दिसतो? रस्त्यावरून बघितलं की हिचं शटर दिसतं, बस्स."

तेवढ्यात हॉटेलवाला दुरून येताना शिंपिणीला दिसला. ती काकुळतीला येऊन म्हणाली, "अगं, काहीतरी ठरवा लवकर."

बाईने मूठ उघडली, किल्ली पाहिली, पुन्हा मिटली. "हप्ता जाऊबाईंचा. त्या चुकल्या तर चौघींनी सारखा वाटून भरायचा. मी एकटीने नाही आणि तुम्ही तिघींनी नाही. माझे आधीचे दोन माझ्या वाट्यात धरायचे. कबूल असेल तर मशीन लावते."

"कबूल," शिंपीण म्हणाली.

"आणि शर्टांचे पैसे रोख."

"आता इथेसुद्धा!"

"पाटी अजून आहे. कोपरा फाटलाय, पण वाचता येते ना तुला?"

इस्त्रीवाली हसली. मग ती जावेला म्हणाली, "अहो, पण चौघी तरी किती दिवस भरणार? तुमचं गिऱ्हाईक आलं पाहिजे. लोकांना फक्त शटर दिसतं म्हणता, तर मग शटरवरच लिहा की पार्लरचं नाव."

"दुकान उघडं असलं की शटर कुठे दिसतं?" बाई म्हणाली.

"बंद असताना दिसेल."

बाई विचारात पडली. तिच्या मनात काय चालले होते ते मला कळत होते. जावेला काहीही द्यायला तिचा हात पुढे येत नव्हता. पण बंद असताना माझे तोंड तिच्या काय उपयोगाचे?

"बंद असताना माझं काय जातंय," ती शेवटी म्हणाली. "लिहा. रंगाचे पैसे तुमचे."

"तुझे मागितलेत कुणी?" जाऊ म्हणाली.

मग बाईने कुलूप काढले आणि मला वर ढकलले. इतके दिवस बंद राहून मी आखडलो होतो. अर्ध्यावर अडकलो. तेव्हा शिंपिणीने एका बाजूने हात लावला, आणि इस्त्रीवालीने दुसऱ्या. जाऊ हाताची घडी घालून उभी राहिली. मी वर गेलो. आत मशीन सुरू झाले आणि हॉटेलवाल्याचे शर्ट एकेक करून बाहेर पडू लागले.

मित्रांनो, या गोष्टीला बरीच वर्षे झाली. माझ्या अंगावर जावेने एका रंगाऱ्याकडून गुलाबी अक्षरांत पार्लरचे नाव लिहून घेतले आहे, बोळाकडे जाणारा बाण काढून घेतला आहे, आणि अक्षरे इतकी मोठी की पिचलेल्या बाजूवर शेवटचे अक्षर वाकडे झाले आहे. दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी त्या बाणाने बायका वर जातात. संध्याकाळी बाई लवकर दुकान मिटते तेव्हाही जातात. जाऊ आता आपला हप्ता स्वतः भरते, आणि भरताना बाईकडे बघत बसते. नुसती बघते.

प्रेम वगैरे झाले असे समजू नका. सकाळी बाई मला वर ढकलू लागली की गॅलरीतून आवाज येतो, "झालं का उघडायला सुरुवात? एवढ्या सकाळी कोण येणारे बटणं घ्यायला?" आणि दिवस मावळताना, "अजून मिटायचं नाही का? माझं गिऱ्हाईक आंधळं आहे का?" बाई वर न बघता म्हणते, "जाऊबाई, घड्याळ माझ्या दुकानात आहे." कधी जाऊ खाली येऊन स्वतःच माझी मूठ धरते आणि ओढते. आत बाई वर ढकलत असते.

माझी स्प्रिंग आता थकली आहे. मी कुणाची बाजू घेत नाही. दोघींचीही पोटे माझ्यावर आहेत हे मला माहीत आहे. दोघींनाही ते माहीत आहे, फक्त एकमेकींना सांगायचे नाही एवढे ठरले आहे. तुम्हाला माझी एवढीच विनंती आहे. कुणाच्या दाराला कुलूप घालायच्या आधी आत आपले काय काय आहे ते एकदा आठवून बघा. आणि माझ्यासारखे जुने शटर कुठे दिसले तर ते जरूर उघडा, जरूर मिटा, पण एका वेळी एकानेच. दोन्हीकडून ओढले की आमच्यासारख्यांच्या पट्ट्या निसटतात, आणि मग उघडायला आणि मिटायला कुणाकडेच काही राहत नाही.